कॅमेऱ्यामागून दिग्दर्शनाकडे : सुधाकर रेड्डी यक्कंटी

छायालेखक दिग्दर्शक झाला की चौकटी देखण्या होतात पण गोष्ट लंगडते, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला सरसकट मान्य नाही. छायालेखनाकडून दिग्दर्शनाकडे वळलेल्या गोविंद निहलानींचे नाव इथे येऊन गेले, परंतु आपल्या सोलापूर जिल्ह्याशी ज्यांच्या कामाचा थेट संबंध आहे ते सुधाकर रेड्डी यक्कंटी मात्र चर्चेत आलेच नाहीत. करमाळा तालुक्यातील विहिरी आणि उन्हाने रापलेली शिवारे 'सैराट'मध्ये (२०१६) ज्यांच्या कॅमेऱ्याने टिपली, त्यांनीच २०१८ साली 'नाळ' दिग्दर्शित केला, आणि त्याला दिग्दर्शकीय पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीनिवास पोकळे हा त्यातील मुलगाही बालकलाकार म्हणून गौरवला गेला.

यक्कंटी मूळचे तेलुगू भाषक. आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि दारात मराठी हे नित्याचेच, त्यामुळे 'नाळ'च्या श्रेयनामावलीत हे नाव दिसताच शेजारी बसलेल्या आईने मला कोपराने ढोसले. आपली आई आपली जन्मदाती नाही, हे कळलेल्या त्या पोराची घालमेल सुरू झाल्यावर मात्र माझी आई मध्यंतरातही चहाला उठली नाही. (एरवी चहा चुकवणाऱ्यांपैकी ती नव्हे.) निव्वळ देखण्या चौकटींनी हे साधत नाही.