यादीतल्या नावांपैकी जुन्या फाइलीच वेगळ्या कशा काढाव्यात?

प्रश्न (सांगली)
मार्केट यार्डातील आमच्या हळदीच्या आडत दुकानात रोजच्या सौद्यांच्या पट्ट्या स्कॅन करून लिनक्स संगणकावर ठेवल्या जातात. ताळा जमलेल्या पट्ट्यांच्या फाइलींची नावे दिवाणजी एका मजकूर-फाइलीत, ओळीला एक याप्रमाणे, लिहून देतात. त्यांपैकी तीस दिवस झालेल्याच फाइली मला दुसऱ्या डिस्कवर हलवायच्या आहेत. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेला ‘-एमटाइम +३०’ (फाइल शेवटची बदलून किती दिवस झाले, ते पाहणारा पर्याय) दिले असता ते यादीकडे न पाहता सगळा फोल्डर चाळते, शिवाय नेमक्या तीस दिवस झालेल्या पट्ट्या वगळते.

उत्तर (सातारा)
वगळण्याचे कारण आधी सांगतो. ‘फाइंड’ फाइलीचे वय २४ तासांच्या पूर्ण गटांत मोजते आणि उरलेले तास सोडून देते. त्यामुळे ३० दिवस २० तासांची फाइलही त्याच्या लेखी ३० दिवसांचीच ठरते, आणि ‘+३०’ म्हणजे तीसहून अधिक असल्याने ती ३१ दिवस पूर्ण झाल्याशिवाय हाती लागत नाही. आपल्याला ‘+२९’ हवे. तथापि आडतीचा हिशेब तासांवर नव्हे, तारखेवर चालतो, म्हणून ‘! -न्यूअरएमटी’ (दिलेल्या वेळेनंतर बदललेल्या फाइली वगळणारी अट) पुढे तारीख देणे मला अधिक योग्य वाटते. मात्र नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाची सुरुवातीची मध्यरात्र. ३१ मार्च २०२५ अखेरच्या पट्ट्या हव्या असतील, तर ‘२०२५-०४-०१’ लिहावे.

उत्तर (कऱ्हाड)
यादीसाठी ‘फाइंड’च्या ४.९ आवृत्तीपासून ‘-फाइल्सझिरो-फ्रॉम’ हा पर्याय आहे; त्याने ‘फाइंड’ यादीतलीच नावे तपासते. त्याला नावांमध्ये नवी ओळ नव्हे, तर शून्य-अक्षर (शून्य संकेतांकाचे, न दिसणारे अक्षर) लागते. म्हणून यादी प्रथम ‘टीआर’ या अक्षरे बदलणाऱ्या आज्ञेतून काढून (नव्या ओळीच्या जागी शून्य-अक्षर) पाइपने, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीला जोडून, पुढे द्यावी. यादीत चुकून एखाद्या फोल्डरचे नाव आले, तर आत शिरू नये यासाठी ‘-मॅक्सडेप्थ ०’ही जोडावे. हलवण्यापूर्वी नुसती नावे छापून पाहावीत.
एक शंका: या फाइली मध्यंतरी कोणी साध्या ‘सीपी’ने कॉपी केल्या होत्या का? मूळ वेळ जपणारा ‘-पी’ हा पर्याय दिला नसेल, तर फाइलीवर कॉपी केल्याची वेळ पडते.

प्रश्नकर्ता
तसेच झाले आहे. गेल्या महिन्यात डिस्क बदलली, तेव्हापासून जुन्या पट्ट्यांवरही त्याच दिवसाची वेळ दिसते. सुदैवाने दिवाणजी फाइलीच्या नावातच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सौद्याची तारीख घालतात. जुन्या पट्ट्या त्यावरून काढतो; नव्यांसाठी आपला उपाय वापरतो.