वुजू 'तुटतो' म्हणायचं की 'विटाळतो'?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. इंदूरच्या खजरान्यात राहणारे एक मास्तर, मूळचे रत्नागिरीकडचे, नमाजवरची एक छोटी उर्दू पुस्तिका घरातल्या मुलांसाठी मराठीत करतायत आणि मराठी तपासायला ती माझ्याकडे रामबागेत आलीय. त्यात 'नवाकिज-ए-वुजू' असा भाग आहे, म्हणजे नमाजच्या आधी तोंड-हात-पाय धुऊन जो वुजू करतात तो कशाकशाने जातो त्याची माहिती. मास्तरांनी सगळीकडे 'वुजू तुटतो' लिहिलंय, त्यांच्या भाच्याने पेन्सिलीने ते खोडून 'विटाळ होतो' केलंय, का तर म्हणे शुद्ध मराठी पाहिजे. मी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली, मला तो 'विटाळ' वाचल्याबरोबर खटकला. तर कोणता शब्द ठेवायचा, आणि वजू लिहायचं की वुजू?

प्रतिसाद

ताई, 'विटाळ' अजिबात ठेवू नका, कृपा करून. हा नुसता शब्दाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, अर्थच उलटा होतो. विटाळ झाला की माणूस शिवायचा नाही, त्याने पाण्याला, भांड्याला हात लावायचा नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वुजू गेलेल्या माणसाचं तसं काहीच होत नाही. तो स्वयंपाक करेल, पोराला कडेवर घेईल, कोणाशीही हात मिळवेल, त्याच्या हातचं पाणी सगळे पितील, फक्त नमाजला उभं राहायच्या आधी त्याला परत वुजू करावा लागेल आणि कुराणाच्या प्रतीला हात लावायलाही वुजू लागतो असं बहुतेक आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. पैगंबरांचे साथी अबू हुरैरा यांची प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची आठवण, आहे, त्यांना आंघोळ करणं जरूरी होतं अशा अवस्थेत मदिनेच्या रस्त्यात पैगंबर भेटले तेव्हा ते हळूच बाजूला सटकले, आंघोळ करून परत आले, आणि कारण सांगितल्यावर पैगंबर म्हणाले की सुभानअल्लाह, मोमिन, म्हणजे ईमान असलेला माणूस, कधी नापाक होत नाही. तिथे तर वुजूपेक्षा मोठी गोष्ट होती, तरी 'माणूस अपवित्र' हे त्यांनी मानलं नाही.

म्हणून फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, दोन वेगळे शब्द आहेत. नजासत म्हणजे प्रत्यक्ष घाण, लघवी, वाहिलेलं रक्त वगैरे, ती कपड्याला लागली तर कपडा धुवायचा. आणि हदस म्हणजे ती अवस्था जिच्यात नमाज होत नाही. छोटा हदस असेल तर वुजूने भागतं, मोठा असेल तर गुस्ल, म्हणजे पूर्ण आंघोळ. भाच्याने दोन्हींना एकाच 'विटाळा'त कोंबलंय.

आता 'तुटणे'. नवाकिज हे नाकिजचं अनेकवचन, मूळ क्रियापद उलगडून टाकण्याचं, वळलेलं सोडवण्याचं. कुराणात सूरह नहलच्या ९२ व्या आयतीत एक बाई पक्कं कातलेलं सूत स्वतःच उसवून टाकते असा दाखला आहे, तिथे हेच क्रियापद आलंय. म्हणजे काहीतरी जुळवून झालं होतं ते सुटलं, मळलं नाही. मराठीत 'वुजू तुटला' किंवा 'मोडला' दोन्ही चालतील पण बोलतात सगळे तुटलाच. मास्तरांचंच बरोबर आहे.

प्रतिसाद

वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. मी इथे सियागंजच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करतो, हा शब्द मी रोज ऐकतो. रक्त काढून कापूस दाबून धरला की बरेच चाचा लोक कापूस उचलून बघतात आणि म्हणतात 'चलो, वुजू गया', मग बाहेरच्या नळावर बाह्या कोपराच्या वर सरकवून शांतपणे बसतात, मनगटापर्यंत हात, चूळ, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी घोट्यापर्यंत पाय, आणि पायाच्या बोटांमधून करंगळी फिरवतात ते बघण्यासारखं असतं, इतकं मन लावून करतात. पण रत्नागिरी, रायगडकडचे कोकणी मुसलमान कधीमधी येतात ते कापूस टाकून सरळ नमाजला जातात. सुरवातीला मला वाटायचं हे विसरले की काय.

प्रतिसाद

विसरत नाहीत दादा, ते शाफई असतात आणि आपल्या माळव्यातले सुन्नी बहुतेक हनफी. शाफई, हनफी, हंबली हे सुन्नींमधले फिकहचे वेगवेगळे पंथ. ताई, हे तुमच्या पुस्तिकेसाठी फार महत्त्वाचं आहे, पुस्तिका उर्दूतली म्हणताय म्हणजे हनफी असायची शक्यता जास्त आणि वाचणारी मुलं कोकणी घरातली, तेव्हा मास्तरांना आधी हे विचारा.

सगळ्यांना मान्य आहे ते थोडक्यात असं की लघवी, शौच, वायू यांनी वुजू तुटतो, बेशुद्ध पडल्याने किंवा नशेने शुद्ध हरपली तरी तुटतो. गाढ झोपेनेही तुटतो पण कसे झोपलात त्यावर आहे, आडवं पडून झोप लागली तर तुटला, जमिनीवर नीट बसल्या बसल्या डुलकी आली तर नाही.

मतभेद पुढे आहेत. हनफींमध्ये रक्त जखमेतून *वाहिलं* तर तुटतो, नुसतं टाचणीएवढं वर आलं आणि तिथेच राहिलं तर नाही. दात घासताना हिरडीतून आलं तर थुंकीचा रंग बघतात, रक्त जास्त असेल तर तुटला. तोंडभर उलटी झाली तरी तुटतो. शाफईंमध्ये रक्ताने नाही आणि उलटीनेही नाही, पण स्पर्शाने तुटतो, म्हणजे नवराबायकोचा हात मध्ये कपडा नसताना हाताला लागला तरी दोघांचा तुटला, आई-बहीण-मुलगी यांच्या स्पर्शाने नाही. दोघंही एकाच आयतीवरून बोलतात, सूरह माइदाची ६ वी, जिच्यात वुजूचा हुकूम आहे, तिच्यात पुढे 'बायकांना स्पर्श केला असेल तर' असे शब्द आहेत, शाफई त्याचा सरळ अर्थ घेतात आणि हनफी म्हणतात की इथे स्पर्श म्हणजे शरीरसंबंध. हंबलींमध्ये उंटाचं मांस खाल्ल्यानेही तुटतो, त्याला वेगळी हदीस आहे.

आणि शब्दचर्चा आहे म्हणून हसण्याचं सांगतो, मला हा भाग फार आवडतो. हनफी फिकहमध्ये नमाजमधल्या हसण्याला तीन शब्द आहेत. तबस्सुम, म्हणजे आवाज न करता स्मित, त्याने काहीच जात नाही. जिहक, आपल्यापुरतं ऐकू येईल इतकं हसू, त्याने नमाज जाते पण वुजू राहतो. कहकहा, शेजारच्याला ऐकू जाईल असं हसणं, त्याने नमाजही जाते आणि सज्ञान माणसाचा वुजूही. जनाजाच्या, म्हणजे मृतासाठीच्या, नमाजमध्ये मात्र कहकह्याने वुजू जात नाही कारण तिच्यात रुकू-सजदा, म्हणजे वाकणं आणि कपाळ टेकणं, नसतो. मराठीत हसणं, हसू येणं, खदखदून हसणं असं करता येईल पण मी म्हणेन मूळ शब्दही ठेवा, मुलं लगेच शिकतात.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे. मास्तरांशी फोनवर बोलले, पुस्तिका खरंच हनफी आहे, ते आता प्रत्येक ठिकाणी शाफई मत पण लिहिणार आहेत. अजून एक, भाच्याने पुढे लिहिलंय की नखं कापल्याने आणि नेलपॉलिश लावल्याने विटाळ होतो. हे काय?

प्रतिसाद

ही दोन्ही वाक्यं काढा ताई. नखं कापली, केस कापले, जेवण केलं, रडलात, बाळाला दूध पाजलं, कपडे बदलले, यातल्या कशानेच वुजू तुटत नाही. नेलपॉलिशचं वेगळं आहे, तिने वुजू *तुटत* नाही, आधीपासून लावलेली असेल तर तो *होतच* नाही कारण थर बसतो आणि नखाला पाणी पोचत नाही. वुजू करून मग लावली तर तो वुजू शाबूत. मेंदीचा थर नसतो, नुसता रंग, ती चालते. मराठीत 'होत नाही' आणि 'राहत नाही' हा फरक स्पष्ट ठेवायलाच हवा नाहीतर पोरींच्या डोक्यात कायमचा गोंधळ होईल.

शंकेबद्दल एक ओळ जरूर टाका, लहान मुलांना फार त्रास होतो त्याचा. वुजू केल्याचं पक्कं आठवतंय आणि तुटला की नाही ते कळत नाहीये, तर तो आहे असंच धरायचं. पैगंबरांनी सांगितलंय की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडून जाऊ नका. आणि ज्याला लघवी थेंबथेंब होत राहते वगैरे आजार आहे त्याला हनफींमध्ये माजूर म्हणतात, त्याने एकेका नमाजच्या वेळेला एक वुजू करायचा, त्या वेळेपुरता त्या आजाराने तो तुटत नाही. इथे 'माजूर'चं 'अपंग' करू नका, 'सवलत असलेला' लिहा.

वजू की वुजू, तर मूळ उच्चार वु, बोलताना मराठीत व राहतो. छापताना वुजू ठेवा आणि पुल्लिंगी, 'वुजू केला'. ज्याचा आहे तो बावुजू, ज्याचा नाही तो बेवुजू, हे दोन्ही शब्द तसेच राहू द्या.