१५ वर्षांची गाडी, पासिंगला टाकू की काढून टाकू?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची, छोटी पेट्रोल, १ लाख ३० हजार किमी झालेत, रत्नागिरीत घराबाहेर उघड्यावरच असते. जुलैमध्ये आरसी (आरटीओची नोंदणी) संपतेय, पासिंग करून ती वाढवावी लागेल म्हणून गॅरेजला दाखवली तर क्लच, पुढचे शॉकअप नि एसीची कूलिंग कॉइल धरून २८ हजार सांगितले. मागच्या वर्षी रेडिएटर आणि चार टायर झालेच होते. विकायला काढली तर सत्तर हजाराच्या वर कोणी बोलत नाही. बायको म्हणते काढ एकदाची, बाबा म्हणतात अजून एका चावीत लागते, कशाला विकतोस. काय करू?

पाना_दहाबारा:
क्लच नि शॉकअप झिजायचेच हो, त्यावरून गाडी म्हातारी ठरत नाही. मला धाकधूक आहे ती रत्नागिरीची, खारी हवा आणि चार महिने पाऊस, पत्रा आतून खातो. रॅम्पवर चढवा, मॅटिंग उचला, फ्लोअर, दाराखालची पट्टी, मागच्या शॉकअपच्या बैठकी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. इंजिन खोलून बांधता येतं, पण फ्लोअर कुजला की दर पावसाळ्यानंतर वेल्डिंगवाल्याकडे वारी.

ताकभात:
पासिंगचा खर्च धरलात का? रिन्यूअलची फी २०२२ पासून ५ हजार झालीये (आधी ६०० होती!!), वर पर्यावरण कर. पण एकदा झालं की ५ वर्षं बघायला नको. आरसी संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, उशीर केलात तर महिन्याला ५०० दंड. आणि दिल्लीची ती १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावरून काढायची भानगड आपल्याकडे नाही, एजंट घाबरवतात उगाच.

कढीपत्ता:
वर्षात रस्त्यात किती वेळा बंद पडली ते सांगा आधी. मी जुन्या गाडीत दोन वर्षांत ८० हजार घातले आणि शेवटी कशेडी घाटात रात्री पोरांना घेऊन टोइंगवाल्याची वाट बघत बसलो, दुसऱ्या दिवशी विकली.

घाटवाट:
@कढीपत्ता एकदाच, तेही बॅटरी गेलेली.
काल रॅम्पवर चढवली. ड्रायव्हरच्या पायाखाली रुपयाएवढं भोक निघालं, बाकी पत्रा घट्ट आहे, वेल्डर अडीच हजार म्हणतोय. क्लच आणि शॉकअप करतोय, कॉइल राहू दे, काचा खाली करून फिरू. बाबांना भोकाचं अजून सांगितलेलं नाही.