मदत हवी आहे: डॉक्युमेंटरीच्या फीडबॅकचं करायचं काय? (पोस्टर बघून लोक ज्वारीचा भाव विचारतायत)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरला मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने मिरजेच्या सतारमेकर गल्लीवर १४ मिनिटांची डॉक्युमेंटरी केलीय, सोबत दीड मिनिटाचा ट्रेलर आणि एक पोस्टर. हे सगळं सबमिट करायचंच आहे पण वर एक रिपोर्ट आहे आणि त्यात 'प्रेक्षक प्रतिसादाचं मूल्यमापन' नावाचा २० मार्कांचा भाग आहे, तिथे आमची गाडी अडकलीय. पुढच्या सोमवारी द्यायचंय.

विषय थोडक्यात सांगते. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवायला लागून दीडशेच्या वर वर्षं झाली, पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार लोक या धंद्यात आले असं तिथले सगळेच सांगतात. भोपळे येतात पंढरपूर मंगळवेढ्याकडून, ते वाळवायचे, कापायचे, त्यावर तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी पाटी) बसवायची, तुनाच्या लाकडाची दांडी, मग खुंट्या, नक्षी, पॉलिश आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तारेचा आवाज गुंजता करणं. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्या सरांनीच हा विषय सुचवला होता.

फिल्मचं नाव आम्ही ठेवलं 'खुली जवारी', म्हणजे तारेचा मोकळा, गुंजणारा आवाज. आम्हाला वाटलं काय भारी नाव सुचलंय. पोस्टरवर मोठ्ठा फोटो, गच्चीवर वाळत घातलेले भोपळे, मागे संध्याकाळचं ऊन, आणि खाली नाव. कॉलेजच्या गेटवर लावलं तर दुसऱ्या दिवशी कँटीनवाले मामा विचारतात, "काय गं, शेतकी प्रदर्शन आहे होय?" माझ्या सख्ख्या आत्याने स्टेटस बघून फोन केला की खुली ज्वारी काय भावाने मिळतीय, दोन पायल्या घेऊन ठेव. लोक नाव ज्वारी असंच वाचतायत, आणि वर भोपळे, म्हणजे संशयाला जागाच नाही.

हे हसण्यावारी नेता येईल पण खरा घोळ पुढे आहे.

कॉलेजच्या हॉलमधे स्क्रीनिंग केलं, शेवटी क्यूआर कोड दाखवला आणि ४३ जणांनी गुगल फॉर्म भरला. त्यात ३१ आमचेच वर्गातले आणि ज्युनिअर, ८ घरचे, ४ शिक्षक. कथा, कॅमेरा, एडिटिंग, साउंड, ट्रेलर, पोस्टर, सगळ्याला १ ते ५ मार्क द्यायचे होते. सगळ्यात जास्त सरासरी साउंडला आली, ४.६. 'जवारी म्हणजे काय ते कळलं का' याला ३९ जण हो म्हणाले. मोकळ्या रकान्यात 'खूप छान', 'मस्त', 'गूजबंप्स', 'अजून मोठी हवी होती', आणि एकाने 'एसी बंद होता'.

मग आम्ही मिरजेला जाऊन ज्यांच्यावर फिल्म आहे त्या चाचांना त्यांच्याच कारखान्यात लॅपटॉपवर दाखवली. फिल्मचा क्लायमॅक्स असा की चाचा घोडी घासून घासून जवारी लावतात, मग तारेखाली तो सुताचा दोरा सरकवतात, त्याला ते 'जीव' म्हणतात, आणि आवाज एकदम उमलतो. चाचा अगदी मन लावून बघत होते, तिथे आल्यावर हसले आणि म्हणाले, "पोरी, हा डबा वाजतोय ना?"

डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. आणि हो, डबाच वाजत होता, म्हणजे मोबाईलमधलं ॲप. शूटच्या दिवशी शेजारी रंधा चालू होता, गल्लीतनं गाड्या, ऑडिओ पार खराब झाला होता, म्हणून एडिट करणाऱ्या मित्राने खाली ॲपचा तानपुरा टाकला, फिल्ममधे पण आणि ट्रेलरमधे पण. आणि त्याच फिल्ममधे चाचा चौथ्या मिनिटाला म्हणतात की डबे आणि मोबाईल आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. चाचा काही बोलले नाहीत, चहा मागवला.

आता ग्रुपमधे भांडणं. एक म्हणतो साउंडला ४.६ आहेत, रिपोर्टमधे तेच लिहायचं, चाचा काय आपले टार्गेट ऑडियन्स नाहीत. एडिटवाला मित्र दुखावलाय, बोलतच नाही. सर म्हणतात जो डेटा आहे त्याचे चार्ट लावा. मला कळेना की ४३ जणांचं खरं धरायचं की एका माणसाचं? आणि पोस्टर बदलायचं का? प्लीज कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा.

— खुंटी_सैल

---

कृष्णाकाठ: आधी आत्यांना ज्वारी नेऊन द्या, मग रिपोर्टचं बघू. (ह.घ्या.) विषय फार आवडला, मिरजेचा असून या गल्लीत शेवटचा कधी गेलो आठवत नाही. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं असतं तेव्हा काय ती चक्कर. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

टाइमलाइन_काका: पंधरा वर्षं एडिट टेबलवर काढलीत, म्हणून लिहितो, जरा कडक वाटलं तर राग मानू नका.

तुमचा फॉर्म प्रेक्षकांना नाही, मित्रांना विचारलेला आहे. स्क्रीनिंग संपलं, तुम्ही चौघं दारात उभे, समोर क्यूआर, अशा वेळी २ मार्क कोण देईल हो? लग्नात जेवण कसं होतं विचारल्यासारखं आहे ते. त्यामुळे ती ४.६ बाजूला ठेवा. फेकू नका, रिपोर्टमधे द्या, पण भरणारे कोण होते तेही तिथेच लिहा, जसं इथे लिहिलंत तसं. आणि ४३ लोकांवर कृपा करून टक्केवारी काढू नका, '९०.७ टक्के प्रेक्षकांना' वगैरे वाचलं की परीक्षक हसतात. ४३ पैकी ३९ असं सरळ लिहा.

दुसरं, ट्रेलर आणि पोस्टरला मार्क दिले ते फिल्म बघून झाल्यावर. त्या मार्कांचा उपयोग शून्य. पोस्टरचं काम फिल्मच्या आधीचं असतं ना? ज्याने फिल्म बघितलेली नाही अशा माणसाला पाच सेकंद पोस्टर दाखवा, उलटं करा आणि विचारा कशाबद्दल आहे. तुमचे कँटीनवाले मामा आणि आत्या ही तुमच्याकडची पोस्टरवरची एकमेव खरी टेस्ट आहे, आणि ती तुम्ही विनोद म्हणून सोडून देताय! रिपोर्टमधे घाला ते. ट्रेलर यूट्यूबवर असेल तर लोक कुठे सोडून जातात त्याचा ग्राफही बघा, अर्थात व्ह्यूज फारच कमी असतील तर तो येत नाही.

आता चाचा. 'एक विरुद्ध ४३' असा हिशोबच चुकीचा आहे कारण दोघांना प्रश्न वेगळे गेलेत. ४३ जणांनी सांगितलं की कानाला गोड लागलं. चाचांनी सांगितलं की खोटं आहे. दोन्ही बरोबर असू शकतं.

रियाज_चुकार: मी गाणं शिकते, म्हणजे शिकायची, आता तंबोरा कपाटावर आहे. काकांच्या शेवटच्या वाक्यात थोडी भर घालते कारण मला वाटतं फक्त खरंखोटं एवढाच मुद्दा नाहीये, तुमचा सीनच त्यामुळे पडलाय.

जवारी बंद असली की तार कशी वाजते, टक्क, कोरडी, स्वर येतो आणि मरतो. घोडी बरोबर घासली गेली आणि जीव जागेवर बसला की तीच तार गुंजायला लागते, एका स्वरातून वरचे बारीक बारीक स्वर सुटत जातात. म्हणजे तुमच्या सीनमधे आधी कोरडा आवाज आणि मग उमललेला आवाज असा फरक ऐकू यायला हवा. ॲपचा तानपुरा पहिल्या सेकंदापासून उमललेलाच असतो, तो लूप आहे. चाचा दोरा सरकवतायत आणि आवाजात काहीच बदलत नाहीये! मग प्रेक्षकाला कळणार कसं की या माणसाने आत्ता काय केलं?

त्यामुळे ते ३९ 'हो' मला खरे वाटत नाहीत. कळलं का विचारलं की सगळे हो म्हणतात, शाळेपासूनची सवय. त्यातल्याच दहा जणांना आज विचारून बघा, जवारी म्हणजे काय, एका ओळीत सांग.

खुंटी_सैल: ताई, तुमचं वाचून लगेच व्हॉट्सॅपवर दहा जणांना विचारलं, दहाही जणांनी फॉर्ममधे हो लिहिलेलं होतं. दोघांनी बरोबर सांगितलं. बाकीच्यांची उत्तरं: 'शेवटचं पॉलिश', 'तार टाइट करणं', 'भोपळ्याची जात', 'ते दोऱ्याचं काहीतरी' (हा त्यातल्या त्यात जवळ आला), 'सॉरी विसरलो' दोनदा, आणि दोघांनी नुसता हसणारा इमोजी. मी डोक्याला हात लावून बसलेय.

टाइमलाइन_काका: डोक्याला हात कशाला, मूल्यमापन सापडलं की! फॉर्म सांगतो कळलं, दोन दिवसांनी विचारलं तर दहात दोघांना सांगता येतं, आणि का ते कळलं नाही त्याचं कारण चाचांनी एका वाक्यात दिलं. या तीन गोष्टी एकाखाली एक मांडा, चार्ट हवेत तर सरांसाठी एक लावा.

जमलं तर आवाज परत रेकॉर्ड करा. गल्ली जागी व्हायच्या आत जा, माइक भोपळ्याजवळ ठेवा, खोलीत एखादी गोधडी टांगली तरी चालेल. मग तोच शॉट दोन आवाजांत करा आणि ज्यांनी फिल्म पाहिलीच नाही अशा आठदहा जणांना विचारा, अर्ध्यांना आधी जुना, अर्ध्यांना आधी नवा. 'कुठला आवडला' विचारू नका, 'इथे काय झालं' एवढंच विचारा.

मी_पुणेकर_पण_बरा: पोस्टरबद्दल माझं मत वेगळं. भोपळे काढू नका! गेटवर मामा थांबले, आत्यांनी चक्क फोन केला, इतकं तर पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचंही होत नाही. फक्त थांबल्यावर त्यांच्या हातात काहीतरी द्या. भोपळ्यांच्या पुढे एक तयार तंबोरा उभा करा किंवा नावाखाली छोटी ओळ टाका. आणि ज चा फाँट बदला, तुमच्या फाँटमधे ज आणि व इतके चिकटलेत की मलाही आधी ज्वारीच वाटलं असतं.

कृष्णाकाठ: असहमत. नावच बदला. घोळ फाँटचा नाही हो, ज्या शब्दाची डोळ्याला ओळखच नाही तिथे डोळा ओळखीचा शब्द वाचणारच, आणि आमच्या भागात ज्वारीपेक्षा ओळखीचं काय आहे?

खुंटी_सैल: नावावरून ग्रुपमधे मतदान झालं, दोन दोन पडली, त्यामुळे नाव तेच. खाली 'मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट' अशी ओळ टाकलीय आणि भोपळ्यांच्या रांगेत एक तंबोरा आडवा ठेवलाय. फिल्म न बघितलेल्या सहा जणांना पाच सेकंद दाखवलं, पाच जण वाद्याबद्दल आहे म्हणाले, सहावा म्हणाला भोपळ्यापासून सतार बनवतात वाटतं, त्याला मी पास केलं.

अपडेट, शनिवार: एडिटवाला मित्र शेवटी बोलला. मी या धाग्याची लिंक पाठवली होती, त्याने ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला म्हणे आणि स्वतःच म्हणाला मिरजेला जाऊया. काल पहाटेची एसटी पकडून सहाला कारखान्यात पोचलो. चाचांनी एका तंबोऱ्याचा जीव काढून आधी कोरडी तार वाजवली, मग हळूहळू दोरा सरकवला. हेडफोनमधे ऐकताना मित्राने माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. मधे एकदा कोंबडा आरवला, तो ठेवलाय.

दोन्ही आवाजांतला शॉट नऊ जणांना दाखवला. ॲपवाला ऐकून बहुतेकांनी 'ते तार लावतायत' इतकंच सांगितलं. खऱ्या आवाजावर नवातल्या सात जणांनी स्वतःहून सांगितलं की दोरा हलवल्यावर आवाज बदलला. शब्द कुणाकडेच नव्हता, एक म्हणाली मधमाशी आत शिरल्यासारखं, एक म्हणाला आवाज रुंद झाला. दोघांना मात्र ॲपवालाच जास्त 'प्रोफेशनल' वाटला, तेही लिहिणार आहे. आधीचे ४.६ पण ठेवतेय, भरणारे कोण होते त्याच्यासकट. ट्रेलरचा आवाज आज रात्री बदलतोय.

काल निघायच्या आधी नवा सीन चाचांना तिथेच हेडफोन लावून ऐकवला होता. डोळे मिटून पूर्ण ऐकला त्यांनी, मग म्हणाले, "आता तंबोरा वाजतोय. पण खर्जाचा सूर उतरलाय गं, मला सांगायचं ना, परत लावला असता."

काका, ताई, हे पण रिपोर्टमधे घालायचं का?