'टेन्शन'ने आपले किती शब्द गिळले?

ओसरी (धागाकर्ता)

निकालाची वाट बघताना होते ती धाकधूक. स्टेजवर चढायच्या आधी येतं ते दडपण. पोरगं रात्री अकरापर्यंत घरी आलं नाही की जिवाला लागतो तो घोर. हप्त्याचे पैसे कुठून आणायचे, ही विवंचना. एकदा गाडीवरून पडल्यावर पुन्हा हँडलला हात लावायला नको वाटतं, तो धसका. या पाचही जागी आता आपण काय म्हणतो? टेन्शन.

इंग्रजीशी माझं वाकडं नाही. टेबल, बस, स्टेशन मी पण म्हणतो, त्या वस्तूच बाहेरून आल्या. चिंता काही बोटीतून उतरली नव्हती. गंमत म्हणजे खुद्द इंग्रज असं बोलत नाही. 'आय हॅव टेन्शन' म्हटलंत तर तो विचारात पडेल. त्याच्याकडे वरीड, नर्व्हस, अँक्शस, स्ट्रेस्ड असे वेगवेगळे शब्द आहेत आणि तो ते वेगवेगळेच वापरतो. आपण त्याचा एक उचलला आणि घरचे दहा माळ्यावर टाकले.

पावणेदोन

साफ असहमत. नुसती नामं मोजू नका, क्रियापदं बघा. धाकधूक होते, घोर लागतो, दडपण येतं. सगळं आपोआप, माणूस नुसता सोसणारा. काळजी 'घेता' येते, पण घेतली की अर्थच फिरतो. 'काळजी घे' म्हणजे कानाला मफलर बांध आणि गोळ्या वेळेवर खा. टेन्शन मात्र घेता येतं, देता येतं आणि नाकारताही येतं. 'साहेब उगाच टेन्शन देतात', 'तू कशाला टेन्शन घेतोस'. ही सोय तुमच्या पाचांत कुठे आहे?

ओसरी

'त्याने धसका घेतला' असं सर्रास म्हणतात. आणि द्यायचंच असेल तर 'डोक्याला ताप' होताच की, पिढ्यानपिढ्या देत आलोय.

पावणेदोन

ताप देणारा दुसरा असतो, मान्य. पण 'तू ताप घेऊ नकोस' म्हणून बघा बरं मित्राला. थर्मामीटर शोधेल.

कट्टेकरी

सावरकरांनी महापौर दिला, दिनांक दिला, लोकांनी घेतले. तसा यालाही एक खणखणीत प्रतिशब्द घडवावा. 'तणाव' आहे, तो का वापरत नाही कोणी?

ओसरी

घडवायचं कशाला, आहेत तेच वापरायचेत. आणि तणाव नको. तणाव गावात असतो, बंदोबस्त लागतो, दुसऱ्या दिवशी पेपरात 'तणावपूर्ण शांतता' छापून येते. मला इंटरव्ह्यूच्या आधी तणाव होत नाही हो, पोटात गोळा येतो.

बॉबिन

इथे शब्दावर भांडताय म्हणून सांगते. शिलाई मशीनवर टेन्शन हा खराखुरा स्क्रू असतो. वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल पडलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसतात. नवशिकी बाई खाली दिसतंय म्हणून खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून बसते. आमच्या क्लासमध्ये हा शब्द रोज शंभरदा येतो, आणि तिथे त्याला 'ताण' म्हणा असं सांगायला कोणी आलं तर मी कात्री दाखवीन.

ओसरी

तिथे तो त्याच्या हक्काच्या जागी आहे. दोरा ताणला जातो, शब्द बरोबर. माझी तक्रार मशीनवर बसलेल्या बाईच्या मनाबद्दल आहे.

तालुक्याचा डॉक्टर

या शब्दामुळे माझ्या ओपीडीत काय होतं ते सांगतो. पेशंटचा रक्तदाब दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी मोजला, दर वेळी १४०/९० च्या वर. फाइलवर 'हायपरटेन्शन' लिहिलं. तो चिठ्ठी वाचून म्हणतो, "मला कसलंच टेन्शन नाही. पोरं मार्गी लागली, कर्ज नाही. मग हायपर कुठून आलं?" आणि महिन्याभरात गोळी बंद. उलटेही भेटतात. "आता पोरीचं लग्न उरकलं, टेन्शन संपलं, म्हणून गोळी सोडली." इथल्या टेन्शनचा अर्थ रक्तवाहिनीतला दाब. निवांत माणसाचाही तो वाढतो आणि बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. हसतखेळत गोळी सोडलेला माणूस पुढे पक्षाघात घेऊन येतो.

मी हल्ली पेशंटसमोर तो शब्दच उच्चारत नाही. 'रक्तदाब' किंवा सरळ 'बीपी'.

डीपीवाला

डॉक्टरसाहेब, आमच्याकडेही तेच. लाइनवर काम करताना आम्ही एचटी, एलटी म्हणतो, म्हणजे हाय टेन्शन, लो टेन्शन. पण महावितरणच्या कागदावर बघा, उच्चदाब आणि लघुदाब. विजेचं असो की रक्ताचं, ज्याने कोणी मराठी केलं त्याने दोन्हीकडे 'दाब'च घेतला. त्याला दंडवत.

पावणेदोन

वा. पण यातून धागाकर्त्याचा मुद्दा सिद्ध होत नाही. फिकीर पण अरबीच ना? ती आली तेव्हाही कोणीतरी 'चिंता गिळली' म्हणून गळा काढला असेल.

ओसरी

फिकीर आली आणि तिने आपलं घर वेगळं केलं. बेफिकीर माणूस निराळा, निश्चिंत माणूस निराळा. भाषेत भर पडली. टेन्शन आलं आणि त्याने सगळ्यांच्या खोल्या बळकावल्या. तुम्ही सांगा, गेल्या महिन्यात 'विवंचना' हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकलात?

पावणेदोन

नाही ऐकला, पण तो आधी तरी कोण बोलत होतं? विवंचना लेखात असायची. आमच्या गावात सोयाबीनचा भाव पडला की माणूस पारावर येऊन विवंचना व्यक्त करत नाही. 'टेन्शन हाय' एवढंच म्हणतो आणि तंबाखू मळतो. त्या दोन शब्दांत सावकार, बँक, पोरीची फी, सगळं येतं आणि काहीच उघडं पडत नाही. मोघम आहे म्हणून तर तो बोलतो. नाहीतर गप्प बसला असता.

बॉबिन

हे मात्र पटलं. आमच्याकडे येणाऱ्या बायकाही 'टेन्शन आहे' एवढंच म्हणतात. 'मन लागत नाही' म्हटलं तर दहा प्रश्न येतात. टेन्शन सगळ्यांनाच असतं, त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.

ओसरी

कोणी विचारत नाही, हीच तर माझी तक्रार आहे! घोर लागलाय म्हटलं की समोरचा 'कोणाचा?' विचारतो. टेन्शन म्हटलं की 'घेऊ नको' म्हणतो आणि चहा मागवतो.

तालुक्याचा डॉक्टर

दोघांचंही ऐकलं. बोलायला तो शब्द सोपा आहे, हे मी रोज बघतो. पण त्यावर मला औषध देता येत नाही. म्हणून 'कसलं टेन्शन?' असं मी विचारत नाही, कारण उत्तर येतं, 'असंच.' झोप लागते का, पहाटे जाग येते का, जेवण जातं का, आधी आवडायचं ते आता आवडतं का, हे विचारतो. चौथ्या प्रश्नाला बरेच जण खाली बघतात.

कट्टेकरी

मग प्रतिशब्दाचं काय ठरलं?

पावणेदोन

टेन्शन नका घेऊ.