मदत हवी आहे: जुन्या अमिगा १२०० संगणकावर डूम (गेम) रखडतंय

मंडळी, म्हापसा-पणजीकडे कोणी अमिगावाले आहेत का? लिस्बनच्या मामांची अमिगा १२०० माझ्याकडे आलीय. वेग वाढवायला ५० मेगाहर्ट्झच्या ६८०३० प्रोसेसरचं अ‍ॅक्सिलरेटर कार्ड, फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरची जलद मेमरी) तीही भरपूर. तरी डूम रखडतंच. चित्राची चौकट लहान केली की पळतं, पण मग राक्षस दिसतो टिकलीएवढा! डूम पिक्सेल सलग लिहितं, अमिगाला तेच बिटप्लेनमध्ये, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे बिट वेगवेगळ्या थरांत, वाटून लागतं. त्या रूपांतरातच दम जात असावा.

६८०६० हा त्याहून वेगवान प्रोसेसर परवडणार नाही. पायस्टॉर्म, म्हणजे प्रोसेसरचं काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडून करून घेणारं कार्ड, कोणी लावलंय का? इथल्या दमट हवेत, बंद केसमध्ये फार तापतं का? शिवाय कॅपॅसिटर गळतायत, पायांशी हिरवट डाग आहे. नीट बदलून देणारा कोणी गोव्यात असेल तर आधी तेच सांगा.