घरात एकाला टीबी निघाला. बाकीच्या पाचजणांच्या तपासण्या आणि प्रतिबंधाच्या गोळ्या कशा लावायच्या?

पूर्वभाग_सेविका

सोलापुरातलं, विडी घरकुलकडचं घर. एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा, माणसं सहा. कर्ता माणूस वय ३८, वजन ४६ किलो, टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. ट्रूनॅट मशीनवर थुंकीत टीबी निघाला, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतंय असा रिपोर्ट आहे. रोज तीन गोळ्या चालू होऊन नऊ दिवस झाले.

घरात बाकी: बायको ३१, पाचवा महिना, घरी विड्या वळते. मुलगी ४ वर्षं, १३ किलो. मुलगा ११. वडील ६६, साखर आहे, ग्लिमेपिराइड घेतात. धाकटा भाऊ २६, तोही मागावरच, रोज संध्याकाळी पितो. भावाला तीन आठवडे खोकला आहे, पण "सुताच्या धुळीचा आहे, शेडमध्ये सगळ्यांनाच असतोय" म्हणून तपासणीला येत नाही.

विचारायचं असं:
भावाचा फक्त एक्स-रे काढून चालेल का? सहा महिन्यांचा कोर्स कुणाला आणि आठवड्यातून एकदाचा कुणाला? कातडीत द्यायची ती नवी सायटीबी टेस्ट सगळ्यांची करायची का? आजोबांचा प्रश्न सरळ आहे, "मला काही झालं नाही, तर औषध कशाला?" आणि महिन्याचे हजार रुपये पेशंटला येतात, घरच्यांच्या खाण्याचं काय?

थुंकीनमुना

ताई, आधी भाऊ. बाकी सगळं त्याच्या नंतर.

धुळीचा खोकला आणि टीबीचा खोकला वेगळा ओळखायची एक खूण आहे, पण तिच्यावर विसंबू नका. कापसाच्या धुळीनं छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला सगळ्यात जास्त, आणि आठवडा सरत जाईल तशी बहुधा हलकी होते. टीबीच्या खोकल्याला सुट्टी नसते. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतंय, म्हणून खूण बघून घरी बसवायचं नाही.

फक्त एक्स-रे नको, फक्त थुंकीही नको. २०१९–२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात दिसलं की एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. उलट बाजूनं, एक्स-रेवरचा डाग टीबीचाच की जुना व्रण, हे एक्स-रे सांगत नाही. आणि भावासारखा तीन आठवडे खोकणारा माणूस असेल तर एक्स-रे स्वच्छ आला तरी थुंकी नॅटला (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी मशीनवरची तपासणी; ट्रूनॅट, सीबीनॅट त्यातल्याच) गेलीच पाहिजे. नुसत्या स्लाइडवर भागवू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागं साधारण ५ ते १० हजार लागतात, सीबीनॅटला १३१ पुरतात.

आता नमुना. रिपोर्ट चुकतात ते मशीनमुळं कमी, डबीत काय येतं त्यामुळं जास्त. दहातल्या कितीतरी डब्यांत नुसती लाळ असते: पातळ, फेसाळ, पाण्यासारखी. हवा तो घट्ट, पिवळसर किंवा पांढुरका बेडका, २ ते ५ मिलि. भावाला असं सांगा: सकाळी उठल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. उघड्यावर जायचं, घरात किंवा संडासात नाही, आणि आसपास कुणी नको. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, तिसरा क्षणभर धरायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. डबी ओठाला लावून धरायची, झाकण लगेच घट्ट फिरवायचं. नाव डबीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं टेबलावर अदलाबदल होतात. एक नमुना जागेवर, एक सकाळचा. त्याच दिवशी पोचत नसेल तर फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा. एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात डबी गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तर ती पाठवून उपयोग नाही, दुसरी घ्या.

चार वर्षांच्या पोरीला बेडका काढता येत नाही. तिला खोकला, ताप किंवा वजन न वाढणं असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञ पोटातलं पाणी काढून तपासतात. शौचाचा नमुनाही चालतो. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये तो मान्य केलाय. कुठल्या केंद्रात करतात ते आधी फोन करून विचारा.

फुप्फुस_ओपीडी

थुंकीवर वरच्यांनी सांगितलं ते पुरेसं आहे. मी गोळ्यांबद्दल लिहितो.

आजोबांचं उत्तर आधी. जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झाला असं नाही. बहुतेकांत ते दबून राहतात. आयुष्यभरात ५ ते १० टक्क्यांत उठतात, आणि त्यातही पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त. घरात आत्ता रुग्ण आहे म्हणजे घरातले त्या दोन वर्षांत उभे आहेत. आजोबांना वर साखर आहे, आणि साखरेनं धोका वाढतो. "काही झालं नाही" हीच गोळ्या घ्यायची वेळ.

पण एक गोष्ट घोटून लक्षात ठेवा. प्रतिबंधाला एक किंवा दोनच औषधं असतात. जंतू थोडे असतात तेव्हा तेवढी पुरतात. आतून आजार चालू असलेल्या माणसाला तीच दिली तर कोट्यवधी जंतूंवर एकटं आयसोनियाझिड (प्रतिबंधाचं नेहमीचं औषध) सोडल्यासारखं होतं. त्यातले थोडे आधीच दाद न देणारे असतात, बाकीचे मरतात आणि तेच उरतात. म्हणून भावाला आत्ता प्रतिबंधाची एकही गोळी नको, नॅट आणि एक्स-रे दोन्ही हातात येईपर्यंत. इतरांनाही चार प्रश्न विचारल्याशिवाय नको: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. मुलीच्या बाबतीत वजन न वाढणं आणि खेळणं कमी होणं.

आता एकेक माणूस.

मुलगी: पाच वर्षांखालची आहे. आजार नाही एवढं पक्कं झालं की सुरू करायचं, कातडीच्या टेस्टची वाट बघायची नाही. रोजचा सहा महिन्यांचा कोर्स तिचा: आयसोनियाझिड १० मिग्रॅ किलोमागं, ७ ते १५ पर्यंत चालतं. १३ किलोला १३० मिग्रॅ. १०० च्या दीड गोळीनं १५० होतात, बसतात. वजन दर महिन्याला घ्या, या वयात डोस मागं पडायला वेळ लागत नाही.

मुलगा आणि आजोबा: दोघांना आठवड्याचा कोर्स चालू शकतो, रिफापेंटीन आणि आयसोनियाझिड, बारा आठवडे. चौदा वर्षांवरच्यांना दोन्ही ९०० मिग्रॅ; मुलाचा डोस वजनाच्या तक्त्यावरून. २०११ च्या मोठ्या चाचणीत हा कोर्स ८२ टक्के लोकांनी पूर्ण केला, नऊ महिन्यांचं आयसोनियाझिड ६९ टक्क्यांनी. यकृताचा त्रासही ०.४ विरुद्ध २.७ टक्के. आजोबांची एक अडचण आहे. रिफापेंटीनमुळं यकृत बाकीची औषधं लवकर पचवून टाकतं, त्यामुळं ग्लिमेपिराइड कमी पडून साखर चढते. पहिल्या महिन्यात उपाशीपोटीची साखर दर आठवड्याला बघा, आणि कोर्स संपल्यावर पुन्हा बघा, कारण तेव्हा वाढवलेला डोस जड होऊन साखर खाली जाऊ शकते. दुसरा टप्पा सगळे विसरतात. पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी ६ जीवनसत्त्व सोबत.

बायको: गरोदरपणात रिफापेंटीन नाही. आयसोनियाझिडला बंदी नाही, पण २०१९ च्या एका चाचणीत एचआयव्ही असलेल्या ज्या स्त्रियांनी ते गरोदरपणातच सुरू केलं त्यांच्यात गर्भाचे आणि बाळाचे वाईट परिणाम जास्त दिसले. ही बाई त्या गटातली नाही, तरी निर्णय प्रसूतीच्या डॉक्टरांसोबत बसून घ्या. आत्ता की बाळंतपणानंतर, दोन्हीला कारणं आहेत. आत्ता दिलं तर यकृताची तपासणी दर महिन्याला. एक्स-रे पोटावर शिशाचं आवरण ठेवून काढता येतो, टाळू नका.

भाऊ: दोन्ही तपासण्या निर्मळ आल्या तरी आधी यकृताची तपासणी. दारू सोडून बारा आठवडे काढणार असेल तरच. उलटी, भूक मेलेली, गडद लघवी, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं की त्या दिवशीच गोळी बंद आणि दवाखाना. लक्षणांसोबत रक्तातलं यकृताचं एन्झाइम नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणांशिवाय पाचपट, ही थांबायची रेषा. लघवी लालसर-केशरी झाली तर मात्र घाबरायचं नाही, तो औषधाचा रंग. पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात "रक्त जातंय" म्हणून कोर्स बंद पडतो.

हे सगळं कर्त्याचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो म्हणून. देत नसता तर घरच्यांना सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन, अशी २०२४ ची जागतिक शिफारस आहे. म्हणून रुग्णाचा रिपोर्ट बघितल्याशिवाय घरच्यांचा कोर्स ठरवू नका.

अशोकचौक_औषधे

मध्येच एक. डोस विसरणं. आठवड्याच्या कोर्समध्ये वार ठरवून द्या, बाजाराचा किंवा पगाराचा वार धरा. विसरून दोन दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायचा आणि पुढचा ठरल्या वारीच. दोन दिवसांपेक्षा जास्त झाले तर आठवलं त्या दिवशी घ्यायचा आणि तोच नवा वार. दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर पडता कामा नये. बारापैकी ११ डोस १२० दिवसांत झाले तर कोर्स पूर्ण. रोजच्या सहा महिन्यांच्या कोर्सला १८२ डोस; त्यातले १४६ डोस २३९ दिवसांत झाले तरी पूर्ण धरतात.

आणि घरात कुणी गर्भनिरोधक गोळ्यांवर असेल तर रिफापेंटीनच्या काळात त्या भरवशाच्या नाहीत.

शिक्षक_कुंभारी

कातडीची टेस्ट बीसीजीच्या लशीमुळं आपल्याकडे सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते ना? मग करून काय उपयोग?

थुंकीनमुना

ते जुन्या मॅण्टू टेस्टचं, सर. सायटीबीत ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं आहेत, बीसीजीच्या जंतूत ती नाहीत. त्यामुळं लहानपणीच्या लशीचा गोंधळ नाही. ०.१ मिलि, हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच. टोचल्यावर कातडीवर छोटा फुगा उठला पाहिजे. नाही उठला तर औषध खाली गेलंय. ४८ ते ७२ तासांत वाचायची. मोजायचा तो कडकपणा, लाली नाही, आणि हाताच्या आडव्या दिशेनं. ५ मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. शुक्रवारी टोचू नका, वाचायचा दिवस रविवारी येतो.

आपल्याकडे ती १८ वर्षांवरच्यांसाठी. म्हणजे या घरात आजोबा आणि भाऊ; बायकोचं तिच्या डॉक्टरांना विचारून. टेस्ट मिळत नसेल तर त्यावाचून घरच्यांचा कोर्स अडवायचा नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे जंतू शरीरात शिरलेत एवढंच, "टीबी आहे" नव्हे. हे वाक्य घरात दोनदा सांगा, नाहीतर गल्लीत बातमी वेगळी पोचते.

मालदांडी

खाण्याचं राहिलं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ मध्ये रेशन्स नावाची चाचणी झाली. २,८०० रुग्णांच्या घरातले १०,३४५ लोक. अर्ध्या घरांत घरच्यांनाही मोठ्या माणसामागं महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या, लहानांना निम्मं. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी निघाला, फुप्फुसाचा जंतू सापडलेला ४८ टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही, तांदूळ-डाळ.

ते माणशी रोज ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं होतात. आपल्या ताटात मांडायचं तर १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, ५० ग्रॅम डाळ आणि ४० ग्रॅम शेंगदाणे. कॅलरी तेवढ्याच, प्रथिनं ३० च्या वर. शेंगाचटणी इथं तोंडी लावायला चमचाभर घेतात. ४० ग्रॅम म्हणजे मूठभर दाणे, एवढी घ्यावी लागेल. तिखट कमी करून. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे निवडून फेका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताला मारतं आणि या घरात निम्मी माणसं यकृतावर भार टाकणारी गोळी घेणार आहेत.

हे रोजच्या जेवणाच्या वर हवं. रेशनवरचं माणशी पाच किलो धान्य मोजून "झालं" म्हणायचं नाही. खरी ओढाताण डाळीची होते. महिन्याचे हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी पाचशे होते) रुग्णाच्याच नावचे. घरच्यांसाठी निक्षय मित्रकडून (टीबी रुग्णांना शिधा देणारे देणगीदार) मिळणाऱ्या शिध्यात २०२४ पासून कुटुंबालाही घेतलंय, केंद्रात नाव नोंदवून ठेवा.

कर्त्याचं वजन मात्र डोळ्यात तेल घालून बघा. त्याच अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ४६ किलोला ५ टक्के म्हणजे २.३, म्हणजे काटा ४८.३ वर यायला हवा. दर वेळी तोच काटा, चपला काढून. आणि पन्नाशी ओलांडली तर वजनाचा गट बदलतो, तीनच्या चार गोळ्या होतात. आपल्या मनानं वाढवू नका, केंद्रात दाखवा.

फुप्फुस_ओपीडी

एक भर. सूत तुटू नये म्हणून शेड बंद ठेवतात, आणि घरी तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद. दोन्हीकडं हवा कोंडलेली. औषध चालू झाल्यावर रुग्णाचा संसर्ग झपाट्यानं उतरतो, पण निदान होण्याआधीचे महिने त्या खोलीत गेलेत. शेडमधल्या शेजारच्या मागांवरच्यांनाही चार प्रश्न विचारून घ्या. मालकाला नाव सांगायची गरज नाही, "आरोग्य तपासणी" एवढं पुरे.

पूर्वभाग_सेविका

भाऊ तयार झाला. वहिनीनं सांगितलं, पोरीला गोळ्या लागणार म्हटल्यावर ऐकलं. जागेवरचा नमुना आज घेतला, पातळच होता, परत केला. उद्या पहाटे डबी आडोशाच्या बाहेर, चहाच्या आधी. आजोबांनी बुधवार धरलाय.